फियाट ११०० च्या मागच्या सस्पेन्शनच्या नोंदी: पाटे ठेवायचे की काढायचे

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

इंजिनाचं काम दिवाळीच्या आधी संपलं, हेड एक मिलिमीटर घासून घेतलंय, पोर्ट साफ केलेत, कार्ब्युरेटर मोठा बसवलाय, ब्लॉक मात्र मूळचाच १०८९ सीसीचा. गाडी आता पळायला लागली आणि पळायला लागल्यावर मागची बाजू काय करते ते कळायला लागलं. आज सकाळी वाघबिळावरून पन्हाळ्याला चढलो. सरळ रस्त्यावर काही नाही, पण डावं वळण संपून लगेच उजवं आलं की गाडीचं ढुंगण एक क्षण उशिरा येतं. म्हणजे पुढचं वळलेलं असतं, मागचं अजून आधीच्याच वळणात असतं आणि मग एकदम हिसका देऊन मागून येतं. रस्त्यावर मधे खड्डा असला तर आख्खा ॲक्सल बाजूला उडी मारतो.

गाडी १९६९ ची, फियाट ११०० डी, आमच्याकडं लोक अजून डिलाइटच म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. आबांनी १९८७ ला सेकंडहँड घेतली, शाळेत असताना मी हिच्या मागच्या सीटवर बसून कोल्हापूर ते गडहिंग्लज किती वेळा गेलोय त्याला गणती नाही. त्यामुळं हिच्यावर जे काही करायचं ते नीट करायचं, घाई नाही.

मागं सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आख्खा दांडा, दोन बाजूला कमान पाटे (एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या), टेलिस्कोपिक शॉकअप (उसळी शांत करणारे). बस्स. मनात पहिला विचार हाच आला की पाटे काढून टाकू, फोर-लिंक करू (ॲक्सल चार दांड्यांनी धरायचा), कॉइल स्प्रिंग टाकू. आता हा विचार बरोबर आहे का ते बघायचंय, म्हणून ही वही.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर रात्री बसून पर्याय कागदावर काढले. एकूण चार दिसतात.

पहिला, आहे तेच पाटे, पण नव्यानं बनवून. दुसरा, पाटे ठेवून ॲक्सलला बाजूनं धरणारा एक दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, किंवा त्याच्यापेक्षा भारी वॅट्स लिंकेज. तिसरा, पाटे पूर्ण काढून चार लिंक, पॅनहार्ड आणि कॉइलओव्हर (शॉकअपवरच चढवलेली कॉइल). चौथा, सॉलिड ॲक्सलच काढून इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर सुटं, सेमी-ट्रेलिंग आर्म वगैरे.

चौथा लगेच खोडला. बीएमडब्ल्यू २००२ ला, डॅटसन ५१० ला सेमी-ट्रेलिंग आर्म आहे आणि त्या गाड्या सुंदर चालतात, पण त्या तशाच डिझाइन झाल्यात. आपल्या गाडीत करायचं तर डिफरन्शियल बॉडीला टांगायला सबफ्रेम पाहिजे, दोन हाफशाफ्ट पाहिजेत, आर्मचे पिव्होट पाहिजेत आणि एवढं सगळं करून ॲक्सिलरेटर मधेच सोडला की मागची चाकं टो बदलणार, म्हणजे तोंड आत-बाहेर फिरवणार, ते वेगळंच. ५०-६० हॉर्सपॉवरच्या आतल्या गाडीला हे नको.

तिसऱ्यावर मात्र मन अडकलंय. फियाटनं स्वतः १९६६ च्या १२४ ला मागं कॉइल दिल्या होत्या, सॉलिड ॲक्सल ठेवूनच, आणि आपली प्रीमियर ११८ एनई त्याच १२४ च्या बॉडीवर आली. अल्फाच्या जुन्या जुलियालाही मागं सॉलिड ॲक्सल आणि कॉइलच होत्या आणि तिला कुणी वाईट म्हणत नाही. त्यामुळं सॉलिड ॲक्सल म्हणजे मागास असं अजिबात नाही, तो कसा धरलाय यावर सगळं आहे.

आणि इथंच पाट्याची खरी गोष्ट येते. पाटा एकटा तीन कामं करतो. वजन पेलतो, ॲक्सल पुढं-मागं आणि बाजूला सरकू देत नाही आणि ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल जो उलटा फिरायला बघतो तो पीळ पण तोच खातो. वजन पेलायला मऊ पाहिजे, धरायला कडक पाहिजे. एकाच लोखंडाकडून दोन्ही मागायचं म्हणजे कुठंतरी तडजोड आलीच.

२४ नोव्हेंबर

आज मोजमाप. आधी हे करायला पाहिजे होतं, मग कागद.

गाडी उसाच्या वजनकाट्यावर नेली, सीझन सुरू झालाय त्यामुळं ट्रॅक्टरांची रांग, काट्यावरच्या दादांनी दोन ट्रॅक्टरच्या मधे घेतली. एकूण ८८० किलो, फक्त पुढची चाकं ठेवली तर ४८०, मागची ४००. काटा दहा-दहा किलोनं दाखवतो त्यामुळं एवढंच धरायचं. ॲक्सल, चाकं, ब्रेक मिळून ९० किलो धरले, म्हणजे पाट्यांवर ३१०, एका बाजूला १५५.

घरी आल्यावर मागची सीट काढून बरोबर ॲक्सलच्या वर साखरेची पन्नास किलोची चार पोती ठेवली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. दोनशे किलोला गाडी २४ मिमी बसली. मग पोती काढली, तर गाडी वर आलीच नाही! ९ मिमी खालीच राहिली. डिकीवर दोन वेळा दाबून उडवली तेव्हा कुठं जागेवर आली. हे पाट्या-पाट्यातलं घर्षण. सात पाटे, मधे गंज, ग्रीस कधी घातलं होतं देव जाणे. म्हणजे छोट्या खड्ड्याला पाटा वाकतच नाही, आख्खी गाडी टायरवरच उडते, आणि मोठा खड्डा आला की एकदम सुटतो. मला जे ॲक्सल उडी मारतोय असं वाटत होतं त्यातलं निम्मं इथंच आहे.

पाट्याचा हिशोबही केला. आयपासून आयपर्यंत (आय म्हणजे पाट्याच्या टोकाचं गोल कडं) ११०० मिमी, रुंदी ५०, प्रत्येक पाटा ६ मिमी जाड. सूत्र साधं आहे, कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या पटीत वाढतो, जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो आणि लांबीच्या घनानं कमी होतो. एक पाटा साधारण ०.४४ किलो प्रति मिमी देतो, सात पाटे ३.१. म्हणजे पोत्यांनी ३२ मिमी बसायला पाहिजे होती, बसली २४. बाकीचं घर्षणानं धरून ठेवलं.

आता १५५ किलोला ३.१ म्हणजे स्वतःच्या वजनानं पाटा फक्त ५० मिमी बसतो. याच्यावरून उसळीचा वेग काढता येतो, १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळानं भागायचं. २.२ हर्ट्झ आलं, म्हणजे सेकंदाला २.२ उसळ्या. एवढं कडक रेसिंगच्या गुळगुळीत ट्रॅकवर ठीक, आमच्या रस्त्यावर ऊस वाहतुकीनं जी अवस्था होते तिथं नाही.

सातमधले वरचे पाच जुने आहेत आणि खालचे दोन नंतर घातलेले, आबांनीच. शेतावर खताची पोती न्यायला. मला आठवतंय, तेव्हापासून गाडीची मागची बाजू टॅक्सीसारखी वर उचललेली असायची.

१ डिसेंबर

मागची उचललेली बाजू नुसती दिसायला वाईट नाही, ती वळणात पण त्रास देते, हे मला आज उमगलं आणि मी दोन तास नुसता रेघा मारत बसलो.

पाट्याचा पुढचा आय हा ॲक्सलचा पिव्होट असल्यासारखा चालतो. वळणात बाहेरचं चाक वर जातं, आतलं खाली. पुढचा आय ॲक्सलच्या मध्यापेक्षा वर असेल तर बाहेरचं चाक वर जाताना मागं सरकतं आणि आतलं पुढं येतं. म्हणजे आख्खा ॲक्सल वळणाच्या बाहेरच्या दिशेला तोंड करतो, मागची बाजू बाहेर पळते. आय खाली असेल तर बरोबर उलटं, मागची चाकं पुढच्यांबरोबर वळतात आणि गाडी शांत राहते.

पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन मोजलं. आय ४२ मिमी वर. गाडी उचलल्यानं हे झालंय. नुसती मागची बाजू खाली आणली तरी हा दोष कमी होणार.

एका गॅरेजात मला लोअरिंग ब्लॉक सुचवले होते, पाटा आणि ॲक्सलच्या मधे ठोकळा घालायचा, दोन तासात काम. नको. ठोकळ्यानं ॲक्सल आणि पाट्याच्या मधली तरफ लांब होते, ॲक्सिलरेटरला पाटा जास्त पिळला जातो, इंग्रजी एस सारखा वाकतो आणि चाक थडथडायला लागतं. कडकपणा आहे तो तसाच राहतो, गाडी फक्त खाली दिसते.

८ डिसेंबर

आज दोऱ्यानं अलाइनमेंट काढली. चार स्टँड, दोन मासेमारीचे नायलॉन दोरे गाडीच्या दोन्ही बाजूला समांतर, स्टीलच्या पट्टीनं प्रत्येक रिमचं अंतर. आणि इथं खरा चोर सापडला.

डावं मागचं चाक उजव्यापेक्षा ७ मिमी मागं आहे. ॲक्सल तिरका बसलाय. गाडी इतकी वर्षं खेकड्यासारखी चालत होती आणि मी स्टीअरिंग किंचित डावीकडं धरून चालवतोय हे मला जाणवतही नव्हतं.

गाडी उचलून डाव्या बाजूचे यू-बोल्ट, म्हणजे पाटा ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट, काढले. सगळ्या पाट्यांना मधून एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं तुटलेलं. हेच डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि ॲक्सलला जागेवर ठेवतं, ते नसलं की सगळा भार यू-बोल्टच्या पकडीवर. बैठकीवर घासल्याची चकचकीत खूण, बोटानं फिरवली तर धार लागते एवढी. तुटलेलं डोकं भोकातच अडकून बसलं होतं, पंचनं ठोकून काढलं, सुपारीएवढं लोखंड. पुढच्या आयचा रबर बुश (आयच्या आतली रबरी नळी) एका बाजूनं पार खाल्लेला, पिन हातानं हलतेय.

म्हणजे मी ज्याला पाट्याचा दोष म्हणत होतो तो पाट्याचा नव्हताच. तुटका बोल्ट, खाल्लेला बुश, दोन जास्तीचे पाटे आणि गंज. ह्या अवस्थेत फोर-लिंक केली असती तर गाडी नक्की सुधारली असती आणि मी जन्मभर सगळ्यांना सांगत फिरलो असतो की पाटे वाईट असतात.

१५ डिसेंबर

फोर-लिंकचा विषय तरी पूर्ण विचार करूनच संपवायचा म्हणून आज गाडीखाली झोपून फ्लोअर बघितला.

११०० ची बॉडी मोनोकॉक आहे, १९५३ पासूनच, वेगळी चॅसी नाही. पाटा गाडीचं वजन दोन ठिकाणी देतो, पुढच्या आयला आणि मागच्या शॅकलला (पाट्याचं मागचं टोक टांगणारी झुलती पट्टी), मधे मीटरभर अंतर, आणि त्या दोन्ही ठिकाणी कंपनीनं पत्र्याचे बॉक्स दिलेत. कॉइल टाकली की सगळं वजन बरोबर ॲक्सलच्या वर एका जागी येणार, तिथं आज नुसता पत्रा आहे. मग तिथं टॉवर बनवा, तो खालच्या मेंबरला वेल्ड करा, फ्लोअर कापा. करता येतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, करणारी माणसं आहेत, पण मग ही गाडी ती गाडी राहत नाही.

दुसरं कारण कागदाचं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात नोंदवता येते, पण मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. मी अजून नोंदणी केलेली नाही, पण आज ना उद्या करायचीय. त्यामुळं फ्लोअर कापणार नाही, वेल्डिंग करणार नाही. जे काही लागेल ते बोल्टावर, आणि उद्या काढलं तर गाडी जशीच्या तशी.

फोर्ड एस्कॉर्टची आठवण झाली. १९७२ ते १९७९ सलग आठ वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टनं जिंकली आणि त्या गाडीला मागं पाटेच होते! कारखान्याच्या रॅलीच्या गाड्यांत पाट्याचं एक टोक सरकतं ठेवलेलं, म्हणजे पाटा फक्त वजन पेलणार, आणि ॲक्सल धरायला वेगळ्या चार लिंक. वजन पेलण्याचं काम आणि धरण्याचं काम वेगळं केलं, पाटा नाही टाकून दिला. आपल्याला चार लिंकची गरज नाही, आपल्या इंजिनाला एवढा टॉर्कच नाही की पाटा पिळून काढेल. मला फक्त बाजूनं धरायचं काम वेगळं काढायचंय, तेही लागलंच तर.

ठरलं. आधी पाटे. मग चालवून बघायचं. मग पॅनहार्ड.

५ जानेवारी २०२५

पाटेवाल्या मामांकडं गेलो. हायवेच्या कडेला शेड, बाहेर उसाच्या सात-आठ ट्रॉल्या पाटे तुटून उभ्या. मामा म्हणाले, "दादा, तुझी गाडी म्हंजे खेळणं, पर आत्ता हात लावत न्हाई. कारखाना बंद हुदे, मग ये निवांत." बरोबरच आहे त्यांचं, ट्रॉली उभी राहिली की माणसाचा दिवस बुडतो.

तोवर शॉकअप. दोन्ही वरच्या टोकाला आत झुकलेले आहेत, उभ्या रेषेपासून ३५ अंश मोजले. तिरक्या शॉकअपचा चाकाजवळचा जोर कमी होतो, आणि तो कोसाइनच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे इथं ०.६७, तिसरा हिस्सा गेला. सरळ उभे करायचे तर परत फ्लोअर कापणं आलं. त्यामुळं शॉकअपच जास्त ताकदीचे भरून घेणार. पाटा मऊ होणार आणि त्याचं घर्षणही जाणार, आजवर निम्मं डँपिंग ते घर्षणच करत होतं, म्हणजे शॉकअपला आता पहिल्यांदा खरं काम करावं लागणार.

१६ मार्च

दोन महिने वहीला हात नाही. कारखाना बंद झाला, मामांचा फोन आला.

पाट्यांचा नंबर आधी घरी ठरवला होता. चार पाटे सहा मिमीचे ठेवले तर १.७६ किलो प्रति मिमी, उसळी १.७ हर्ट्झच्या आत, एकट्याला चालवायला एकदम छान. पण मागं आई आणि आत्या बसणार, दोघींचं मिळून १३० किलो, गाडी ३७ मिमी बसेल आणि माझ्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सल वर येऊन ज्याला आदळतो तो रबराचा ठोकळा) ८० मिमीच आहेत. पाच पूर्ण ठेवले तर १.९ हर्ट्झ, जरा कडक. मग मधला मार्ग, चार सहा मिमीचे आणि सगळ्यात खाली एक पाच मिमीचा. पाच मिमीचा पाटा सहाच्या ५८ टक्केच जोर देतो, घनाचा हिशोब. एकूण २.० किलो प्रति मिमी, १.८ हर्ट्झ. एका मिलिमीटरनं एवढा फरक पडतो म्हणूनच मामांना मी व्हर्नियर घेऊन त्रास दिला.

नवीन स्प्रिंग स्टीलची पट्टी आणली, कडक करून टेंपर केलेली. जुने पाटे गरम करून कमान देतात तसं करायचं नाही असं मी आधीच सांगितलं. भट्टीत लाल केलेला पाटा परत नीट तेलात विझवून टेंपर केला नाही तर सहा महिन्यात बसतो. मामांना ते माझ्यापेक्षा जास्त माहिती होतं, त्यांनी काही न बोलता खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर मी दिलेल्या मापाची कमान काढली, दोन टोकं, मधला बिंदू. मग पाटा ऐरणीवर थंडच आडवा धरून घन मारायला सुरुवात केली. एक घाव, पाटा बोटभर पुढं, एक घाव, पाटा बोटभर पुढं. घाव सारखाच, जागा तेवढी सरकते. टोकाला पोचले की पाटा फरशीवर खडूच्या रेघेवर ठेवायचा, डोळा बारीक करून बघायचं, परत ऐरणीवर. पहिला पाटा चौथ्या फेरीला रेघेवर बसला, पाठोपाठ दुसरा दुसऱ्याच फेरीला. घावाचा आवाज बदलला की ते थांबायचे. मी विचारलं कसं कळतं, तर म्हणाले, "तो सांगतोय की, ऐक."

प्रत्येक पाट्याची टोकं ग्राइंडरनं निमुळती आणि गोल केली, नाहीतर टोक वरच्या पाट्यात रुततं आणि तिथूनच चीर पडते. टोकांवर नायलॉनचे तुकडे बसवले, मधे ग्रॅफाइट ग्रीस. नवीन सेंटर बोल्ट, नवीन क्लिपा. क्लिप आवळून टाकायची नसते, पाटा सरकायला जागा पाहिजे, ती फक्त चाक खाली लोंबताना मेन पाट्यावर एकट्यावर भार येऊ नये म्हणून असते.

आबांचे ते दोन पाटे मी घरी आणले. तेल लावून माळ्यावर ठेवलेत.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, जेवलो आणि गाडीखाली गेलो, घरच्यांनी आज काही म्हटलं नाही.

पुढच्या आयला पॉलियुरेथेनचा बुश, कारण ॲक्सलची जागा तोच ठरवतो. मागं शॅकलला रबरच ठेवला, तिथं पाट्याला लांब व्हायला आणि थोडा पिळायला मोकळीक लागते, दोन्हीकडं कडक घातले की आवाज आणि धक्के सगळे बॉडीत.

यू-बोल्ट नवीन. जुना यू-बोल्ट परत कधीच वापरायचा नाही, एकदा ताणला की त्याचे आटे ताणले जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर चाकांवर उभी असतानाच फायनल आवळायचे. हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या जागी पकडतो आणि गाडी खाली ठेवली की कायमचा पिळलेला राहतो, वर्षात फाटतो. चार विटांवर लाकडी फळ्या टाकून त्यावर चाकं चढवली आणि खाली सरपटत जाऊन आवळले.

मागची उंची ३५ मिमीनं कमी झाली, दोन्ही बाजू दोन मिमीच्या आत सारख्या. पुढचा आय आता ॲक्सलच्या ७ मिमीच वर. दोरा लावला, डावं-उजवं एक मिमीचा फरक, तो माझ्या पट्टीचा पण असू शकतो.

पोत्यांची टेस्ट परत केली. दोनशे किलोला ४६ मिमी बसली, हिशोबानं ५०. पोती काढल्यावर ३ मिमी खाली राहिली. आधीचं ९ आठवलं की एवढं बरं वाटतं म्हणून सांगू.

६ एप्रिल

पन्हाळा, तोच रस्ता, तीच वेळ. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कळलं, स्टीअरिंग सरळ धरलं की गाडी सरळ जातेय. खड्ड्याला मागचं चाक खाली जाऊन वर येतं, आवाज होतो, पण गाडीची दिशा तीच राहते. ज्या वळणाला आधी पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघायचा तिथं निघाला नाही.

राहिलं ते एकच. डावं-उजवं पटकन आलं की अजूनही एक अगदी छोटी उशिराची भावना आहे, हिसका नाही, पण आहे. शॅकल आणि रबर बाजूला थोडं झुकतात, तेवढंच. गाडी नुसती फिरायला असती तर इथंच थांबलो असतो आणि ज्याच्याकडं पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर आहे त्याला मी इथंच थांब म्हणून सांगीन. मला ते शेवटचं पण पाहिजे.

२० एप्रिल

पॅनहार्ड की वॅट्स. जेम्स वॉटनं १७८४ ला वाफेच्या इंजिनासाठी काढलेली ती जोडणी, ॲक्सल जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली जातो, डावं-उजवं एकसारखं. पॅनहार्ड एका टोकाला बॉडीला, दुसऱ्याला ॲक्सलला, त्यामुळं ॲक्सल वर-खाली होताना वर्तुळाच्या कमानीत जातो, थोडा बाजूला सरकतो. थोडा म्हणजे किती, हे काढल्याशिवाय भांडण्यात अर्थ नाही. माझ्या गाडीखाली ९२० मिमीचा दांडा बसतो. ६० मिमी हालचालीला सरकणं २ मिमी, ८० ला साडेतीन. एवढं रबर बुशच खाऊन टाकतो. वॅट्सला डिफरन्शियलच्या मागं पिव्होट पाहिजे, दोन दांडे, पाच सांधे, आणि आमच्या पावसाळ्यातला लाल चिखल पाचही सांध्यात. पॅनहार्ड.

उद्यमनगरात लेथवाल्याकडून दांडा केला, २५ मिमी सीमलेस ट्यूब, ३ मिमी जाड, एका टोकाला उजवे आटे दुसऱ्याला डावे, म्हणजे दांडा जागेवर फिरवून लांबी कमी-जास्त होते. टोकाला रोज जॉइंट (लोखंडी गोळ्याचा सांधा) नको, रबर बुशच, कारण तोच चिखल. ॲक्सलकडचा ब्रॅकेट यू-बोल्टच्या प्लेटबरोबर आवळला. बॉडीकडचा बंप स्टॉपच्या मूळच्या दोन बोल्टांवर, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूनं सहा मिमीची प्लेट देऊन, कारण वळणात तिथं पावणेतीनशे किलोचा बाजूचा ओढा येऊ शकतो आणि नुसता पत्रा तो घेणार नाही. एकही नवीन भोक नाही. मी चालक सीटवर बसलेलो असताना दांडा बरोबर आडवा येईल अशी लांबी ठेवली.

४ मे

एका मित्राच्या ओळखीनं बंद कारखान्याच्या यार्डात परवानगी मिळाली, पंधरा-पंधरा मीटरवर आठ विटा उभ्या केल्या आणि त्यातून नागमोडी. आधी दांड्यासकट पाच फेऱ्या, मग एका बाजूचा बोल्ट काढून दांडा तारेनं बांधून ठेवला आणि पाच फेऱ्या, मग परत लावून पाच. वेळ मोबाइलवर मित्रानं घेतली. वेळेत म्हणाल तर काहीच फरक नाही, दोन-तीन दशांश सेकंद, ते माझ्या हाताचे पण असतील. पण दांडा नसताना मी दोन वीटा पाडल्या, असताना एकही नाही. स्टीअरिंग फिरवलं की मागची बाजू त्याच क्षणाला येते, मधे वाट बघावी लागत नाही, त्यामुळं हात पण मऊ राहतो. मित्र स्वतः चालवून उतरला आणि म्हणाला, "ही फियाट न्हवं रे."

मी म्हटलं हीच फियाट आहे.

शॉकअप एक घर जास्त कडक भरलेत असं आज वाटलं, खाली जाताना नाही, वर येताना. छोट्या लागोपाठच्या लाटांवर मागची बाजू हळूहळू खाली बसत जाते, वर यायला वेळच मिळत नाही. रिबाऊंड कमी करून आणायला द्यायचेत.

२७ मे

पाऊस यंदा मे मध्येच आला. शॉकअप परवा बसवले, आणि काल आई-आत्याला घेऊन आंबा घाटापर्यंत जाऊन आलो, ओला रस्ता, मागं दोघी, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या परतताना. बंप स्टॉप एकदाच लागला, मलकापूरच्या अलीकडच्या त्या खचलेल्या मोरीवर, आणि तिथं ट्रक पण लागतात. ओल्यात मागची पकड सोडताना आधी सांगते, एकदम जात नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आई घरी आल्यावर म्हणाली, पाठ दुखली नाही.

यू-बोल्ट ५०० किलोमीटरला परत आवळले, डावीकडचे दोन पाव फेरा घेतले, उजवीकडचे अजिबात नाही. डावा पॅक अजून बसतोय. एक हजारला परत बघायचं. पॅनहार्डच्या बॉडीकडच्या ब्रॅकेटजवळ पत्र्याला पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवलीय, चीर पडली तर रेघेवर आधी दिसेल. नायलॉनचे तुकडे दिवाळीला काढून जाडी मोजायची, बसवताना ४ मिमी होते.